महामार्ग गेला, रस्ता राहिला
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

ठाणे आणि आसपासच्या जुन्या, महामार्गाचा दर्जा गेलेल्या रस्त्यांबद्दल प्रश्न पाठवा, असे मागच्या अंकात म्हटले होते. सारख्या प्रश्नांची सांगड घालून त्यांतले निवडक इथे घेतले आहेत. उत्तरे रस्तेबांधणी आणि जमीन-नकाशे या दोन विषयांतल्या जाणकारांनी मिळून दिली आहेत.

बाळकुम-काशेळी-काल्हेर या रस्त्याला आजही लोक ‘जुना आग्रा रोड’ म्हणतात. आग्रा रोड इथून नेमका बंद कधी झाला?
– वाचक, बाळकुम

बंद झालाच नाही. सकाळी कापूरबावडीला गोदामांच्या ट्रकांमागे उभे राहिलात तर याचा पुरावा वेगळा द्यायला नको.

आधी मार्ग समजून घेऊ. मुंबईतून सायन, कुर्ला, घाटकोपर, भांडुप, मुलुंड असा येणारा, म्हणजे आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग, हा मूळचा आग्रा रोड. तो ठाण्यात शिरून खोपट, कॅसल मिल, माजिवड्यावरून बाळकुमला जायचा, काशेळीला पाणी ओलांडायचा आणि काल्हेर, पूर्णा, अंजूरफाटा करत भिवंडीत पोहोचायचा. पुढे वडपे, पडघा, मग शहापूरच्या बाजूने कसारा घाट. पूर्व द्रुतगती महामार्ग झाल्यावर सायन ते ठाणे या टप्प्यातली लांब पल्ल्याची वाहने तिकडे वळली. माजिवडा-खारेगाव-माणकोली-रांजणोली-वडपे हे बाह्यवळण झाले तेव्हा नाशिककडे जाणाऱ्याला बाळकुम आणि भिवंडी दोन्ही टाळता येऊ लागले. जुन्या रस्त्यावर उरली ती स्थानिक वाहतूक. पण भिवंडीची गोदामे याच पट्ट्यात वाढली, त्यामुळे ‘स्थानिक’ वाहतूकच महामार्गाला लाजवेल अशी झाली. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५ ची बाळकुम नाका, काशेळी, काल्हेर, पूर्णा, अंजूरफाटा ही स्थानके पाहा. जुन्या आग्रा रोडवरची गावेच ओळीने वाचल्यासारखी वाटतात.

रस्ता ‘बंद’ होण्याची एकच तारीख शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. क्रमांक, दर्जा आणि ताबा या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि त्या वेगवेगळ्या दिवशी बदलतात. क्रमांक दिल्लीच्या अधिसूचनेने बदलतो, दर्जा अधिसूचनेने किंवा शासन निर्णयाने जातो आणि ताबा बदलतो तो एका खात्याने दुसऱ्या खात्याला रस्ता सोपवल्यावर. लोकांच्या तोंडी नाव मात्र चौथ्याच हिशोबाने टिकते. खाली आलेल्या बहुतेक प्रश्नांचा गुंता या तीन गोष्टी एकच धरल्यामुळे झाला आहे.

राज्य महामार्गाचा दर्जा कोण देतो आणि काढून कोण घेतो? ‘रामा’, ‘प्रजिमा’ ही काय भानगड आहे?
– वाचक, मुरबाड

डिसेंबर १९४३ मध्ये नागपूरला देशभरच्या मुख्य अभियंत्यांची परिषद भरली. तिथे ठरलेली वीस वर्षांची आखणी ‘नागपूर योजना’ म्हणून ओळखली जाते. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक (आजच्या भाषेत राज्य) महामार्ग, जिल्हा रस्ते आणि ग्रामीण रस्ते ही उतरंड तिथून आली. त्याआधी मु. रा. जयकर यांच्या समितीने केलेल्या शिफारशींतून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली होती. रस्त्यांची आजही वापरात असलेली बहुतेक मानके याच संस्थेची आहेत.

आपल्याकडे ही उतरंड निविदांमध्ये अशी दिसते : प्ररामा म्हणजे प्रमुख राज्य मार्ग, रामा म्हणजे राज्य मार्ग, प्रजिमा म्हणजे प्रमुख जिल्हा मार्ग, इजिमा म्हणजे इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामा म्हणजे ग्रामीण मार्ग. घोडबंदर रस्ता हा राज्य महामार्ग ४२. साधारणपणे प्रजिमापर्यंतचे रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आणि इजिमा, ग्रामा जिल्हा परिषदेकडे असतात. राज्यातल्या महामार्गांसाठी १९५५ चा मुंबई महामार्ग अधिनियम (आता नावात ‘महाराष्ट्र’) आहे. राष्ट्रीय महामार्गांसाठी १९५६ चा केंद्राचा कायदा आहे. या केंद्रीय कायद्याच्या कलम २ मध्ये रस्ता यादीत घालण्याची सोय आहे तशी वगळण्याचीही आहे : अधिसूचना निघाली की त्या दिवसापासून तो राष्ट्रीय महामार्ग राहत नाही.

राज्य महामार्ग ‘नाहीसा’ होण्याचे प्रकार मुख्यतः तीन.

पहिला, बढतीचा. तुमच्या दारातलाच दाखला घ्या. कल्याण-मुरबाड-माळशेज-अहमदनगर हा राज्याचा रस्ता राष्ट्रीय महामार्ग २२२ झाला आणि पुढे नव्या क्रमवारीत ६१. रस्ता तोच, घाट तोच; जुन्या फायलीतला राज्य महामार्ग मात्र संपला.

दुसरा, शहर वाढून रस्ता महापालिकेच्या हद्दीत गिळला जाण्याचा. ठाणे महापालिका १९८२ ची, नवी मुंबई महापालिका १९९२ ची. त्याआधीच्या कागदांत खेड्यांमधून जाणारा दिसणारा रस्ता आज शहरी आहे, यात नवल नाही.

तिसरा, आखणी बदलण्याचा. बाह्यवळण होते, वळण सरळ केले जाते, नवा पूल थोडा बाजूला बांधला जातो आणि जुना तुकडा लोंबकळत राहतो. खरी दुर्दशा याच तुकड्यांची. देखभालीचा पैसा दर्जाप्रमाणे आणि क्रमांकाप्रमाणे येतो. क्रमांक नव्या आखणीवर गेला की जुन्या तुकड्याचे खाते रिकामे. हस्तांतराचे पत्र निघते, पण संयुक्त पाहणी आणि ताबा पावती होत नाही. मग बांधकाम विभाग म्हणतो ‘आम्ही दिला’ आणि घेणारा म्हणतो ‘आम्ही घेतलाच नाही’.

एक चौथा, विनोदी म्हणावा असा प्रकार २०१७ मध्ये घडला. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी दिला. तो १ एप्रिल २०१७ पासून लागू व्हायचा होता. आदल्या दिवशी, ३१ मार्चला, वीस हजारांपर्यंत वस्तीच्या ठिकाणी हे अंतर २२० मीटरवर आणले गेले. दरम्यान ठिकठिकाणी महामार्गच ‘अवर्गीकृत’ करण्याची, म्हणजे त्यांचा महामार्गाचा दर्जाच काढून घेण्याची, लाट आली. चंडीगडचे असे प्रकरण न्यायालयात गेले आणि जुलै २०१७ मध्ये पालिका हद्दींबाबत खुलासा झाला. म्हणून एखाद्या रस्त्याच्या इतिहासात २०१७ चा अवर्गीकरणाचा कागद दिसला तर लगेच बाह्यवळण शोधत बसू नका. तिथे खडीचा एक दगडही हललेला नसेल.

राष्ट्रीय महामार्ग ४ आणि ८ कुठे गेले? आणि दोन रस्त्यांना एकच ४८ क्रमांक कसा?
– वाचक, मुंब्रा

मार्च २०१० च्या अधिसूचनेने देशभरचे क्रमांक बदलले. दक्षिणोत्तर रस्त्यांना सम क्रमांक, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे. पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जाणारे. पश्चिम किनाऱ्याचा मुंबई-गोवा रस्ता म्हणूनच १७ चा ६६ झाला. दिल्ली-मुंबई (जुना ८) आणि ठाण्याहून पुणे-बंगळूर-चेन्नईकडे जाणारा (जुना ४) हे एकाच लांब मार्गाचे दोन भाग मानून दोन्ही मिळून ४८ केले. तीन आकडी क्रमांकातले शेवटचे दोन आकडे मूळ मार्गाचे असतात : ८४८, ३४८ या ४८ च्या शाखा. २०१० च्या आधीच्या कागदातला ४८ मात्र वेगळाच रस्ता असतो. जुनी फाईल चाळताना इथे हमखास घोळ होतो.

पूर्वी पुण्याला ठाण्यावरून जात होते हे खरे का?
– वाचक, ऐरोली

खरे. वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ मध्ये सुरू होईपर्यंत मुंबईहून मोटारीने पुण्याला जायचे तर ठाणे, कळवा, मुंब्रा, शिळफाटा, तळोजा, पनवेल असाच मार्ग होता. जुना राष्ट्रीय महामार्ग ४ ठाण्यात सुरू व्हायचा तो त्यामुळेच. पनवेलच्या पुढचा बोरघाट चाकाच्या वाहनांसाठी १० नोव्हेंबर १८३० रोजी खुला झाला होता. मुंब्रा बाह्यवळण आल्यावर गावातला रस्ता गावापुरता राहिला. २०१८ मध्ये ते बाह्यवळण दुरुस्तीसाठी काही महिने बंद ठेवावे लागले आणि अवजड वाहने वळवताना ठाणे, कळवा, ऐरोली सगळीकडे कोंडी झाली. जुन्या रस्त्यांची रुंदी आणि पूल राखून ठेवावेत, असे जाणकार म्हणतात ते अशाच दिवसांसाठी.

आमच्या गावाजवळ झाडीत मैलाचा दगड सापडला. त्यावरचा आकडा आजच्या किलोमीटरशी जुळत नाही. जवळच्या मोरीच्या कठड्यावर ‘२३/२’ असे कोरले आहे. याचा अर्थ कसा लावायचा?
– वाचक, शहापूर तालुका

उत्तम प्रश्न. दगड उपटून दुसरीकडे नेता येतो, मोरी नेता येत नाही. म्हणून सुरुवात मोरीपासून करा.

मोऱ्या आणि पुलांना क्रमांक देण्याची पद्धत अशी : तिरक्या रेघेआधीचा आकडा कितव्या मैलात किंवा किलोमीटरमध्ये, आणि नंतरचा आकडा त्यातली कितवी मोरी. ‘२३/२’ म्हणजे तेविसाव्यातली दुसरी. आता ठरवायचे ते एवढेच, की २३ मैल की किलोमीटर. एक मैल १.६०९ किलोमीटरचा. तेविसावा मैल २२ मैलांच्या दगडाला सुरू होऊन २३ च्या दगडाला संपतो, म्हणजे ३५.४ ते ३७.० किलोमीटर. त्याच उगमबिंदूपासून मोजलेला आजचा किलोमीटरचा दगड मोरीजवळ ३६ किंवा ३७ दाखवत असेल तर तुमची मोरी मैलांच्या काळातली. रस्त्यांवर किलोमीटर आले ते मेट्रिक पद्धत लागू झाल्यावर, १९६० च्या दशकात, त्यामुळे मोरीचे वय किमान तेवढे. आकडे १.६०९ च्या पटीत बसत नसतील पण दोन-तीन मोऱ्यांचा फरक सारखाच येत असेल, तर उगमबिंदू बदललेला आहे किंवा मध्ये बाह्यवळणाने अंतर कमी-जास्त झाले आहे. फरक जिथे एकदम उडी मारतो, तिथेच आखणी बदलली. एका मोरीवरून निष्कर्ष काढू नका. लागोपाठ पाच-सहा मोऱ्यांचे क्रमांक वहीत घ्या.

मैलांच्या दगडांमध्ये छोटे दगड सापडले तर ते फर्लांगाचे असू शकतात. मैलाला आठ फर्लांग, दर फर्लांग सुमारे २०१ मीटर. पण किलोमीटर पद्धतीतही दर २०० मीटरला २, ४, ६, ८ आकड्यांचे दगड असतात आणि अंतर जवळजवळ सारखेच असल्याने फसगत होते. सगळे आकडे सम असतील तर किलोमीटर. मध्ये १, ३, ५, ७ आले तर फर्लांग.

दगडाच्या माथ्याचा रंगही बोलतो. पिवळा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्याचा, नारिंगी ग्रामीण रस्त्याचा. पिवळ्या रंगाचा टवका उडून खाली हिरवा दिसत असेल तर तो रस्ता राज्याचा असून नंतर केंद्राकडे गेला. पिवळ्यावर हिरवा दिसला तर उलटे. टवका आपणहून उडालेला असेल तेवढाच पाहा. पत्र्याने खरवडू नका.

मुंबई बेटावरचे एकोणिसाव्या शतकातले काळ्या दगडाचे, रोमन अंकांचे मैलदगड सेंट थॉमस कॅथीड्रलपासून मोजलेले आहेत. तोच उगमबिंदू तुमच्या दगडाला लावण्याचा मोह होईल, पण जिल्ह्यातल्या रस्त्यांची मोजणी फाट्यापासून किंवा तालुक्याच्या गावापासूनही होत असे. आधी मोऱ्यांचे गणित जुळवा.

महामार्गाचे वळण सरळ केल्यावर जुन्या वळणाची जागा पडून आहे. ती जमीन आजोबांकडून घेतलेली होती. आता परत मिळेल का?
– वाचक, भिवंडी तालुका

सरळ उत्तर : आपोआप नाही, आणि बहुतेक वेळा अजिबात नाही.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २० नुसार सार्वजनिक रस्त्यांची जमीन, दुसऱ्या कोणाची मालकी सिद्ध नसेल तर, शासनाची. संपादन करून मोबदला दिलेला असेल तर प्रश्नच मिटला. पाच वर्षे न वापरलेली जमीन परत करण्याची तरतूद २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १०१ मध्ये आहे, तिचा आधार पुष्कळजण घेतात. पण ती त्या कायद्याखाली घेतलेल्या आणि वापरातच न आणलेल्या जमिनीची. तुमच्या जमिनीवरून रस्ता गेला, गाड्या धावल्या. म्हणजे वापर झाला.

रस्ता लोकांना खरोखर नको असेल तर त्यावरचा सार्वजनिक हक्क संपवण्याचा अधिकार संहितेच्या कलम २१ खाली जिल्हाधिकाऱ्यांना आहे. जाहीर नोटीस, हरकती, चौकशी आणि मग निर्णय. हक्क संपला तरी जमीन शासनाचीच राहते. ती कुणाला द्यायची हा वेगळा विषय.

तरीही कागद तपासून घ्या. जमीन प्रत्यक्ष संपादित झाली होती की नुसतीच रस्त्याखाली गेली, हे पाहण्यासाठी जुना सातबारा, फेरफार आणि गाव नकाशा एकत्र लावा. रस्त्याखालचे क्षेत्र सातबाऱ्यावर ‘पोटखराबा ब’ मध्ये दाखवले असेल आणि कमीजास्त पत्रक (क्षेत्रातला बदल नोंदवणारा कागद) झालेच नसेल, तर मोबदल्याचा मुद्दा काढता येतो. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा आणि मोजणीत जुन्या रस्त्याची हद्द दाखवायला सांगा. मधल्या काळात तिथे कुंपण घालू नका. अतिक्रमणाची नोटीस आली की तुमची मूळ बाजूच कमकुवत होते.

जुन्या रस्त्यावर शेजाऱ्याने दगड टाकून वाट अडवली आहे. कुठे जायचे?
– वाचक, अंबरनाथ तालुका

वेळ घालवू नका. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. अर्जाला गाव नकाशाची प्रत, अडथळ्याचे तारखेसह फोटो आणि वाट वापरणाऱ्या दोन-तीन शेतकऱ्यांची प्रतिज्ञापत्रे जोडा. रस्ता अजून बांधकाम विभागाच्या यादीत असेल तर उपविभागीय अभियंत्यालाही त्याच दिवशी अर्ज द्या आणि पोच घ्या.

कळव्याचा जुना दगडी पूल इतका भक्कम दिसतो. मग तो वाहनांना बंद का? दुरुस्त करून वापरता येणार नाही?
– वाचक, कळवा

दगडी कमान वजनाने क्वचितच पडते. ती पडते पायाखालून. पुराचे पाणी खांबाशी भोवरे घेते, तळाची माती खरवडून नेते आणि वरून कमान जशीच्या तशी दिसत असताना खांब अधांतरी होतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला. दोन एसटी गाड्यांसह वाहने वाहून गेली. त्यानंतर राज्यभर जुन्या पुलांकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाऊ लागले. सावित्रीवर नवा पूल जून २०१७ मध्ये सुरू झाला. कळव्याचा नवा पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये खुला झाला.

वजनाचा मुद्दाही आहेच. तीन आसांच्या ट्रकला २०१८ पासून एकूण साडेअठ्ठावीस टनांची परवानगी आहे. दगडी पूल बांधले गेले तेव्हा जड वाहन म्हणजे बैलगाडी. त्यात सांध्यातला चुना पाण्याने धुपतो आणि पिंपळाची मुळे दगड सरकवतात. पिंपळ नुसता कापून उपयोग नाही. बुंध्यात भोक पाडून औषध घालावे लागते, मूळ मेल्यावर सांधे चुन्याच्या मसाल्याने भरायचे. सिमेंट वापरले तर ते चुन्यापेक्षा कडक राहते, ओल आत कोंडते आणि दगडाचेच पापुद्रे निघतात. असा पूल पादचारी आणि सायकलींसाठी राखता येतो. मात्र त्याचा तळ पाहणारा माणूस दर पावसाळ्यानंतर खाली उतरला पाहिजे.

महामार्गाचा सुमारे दोन किलोमीटरचा जुना तुकडा आमच्या ग्रामपंचायतीच्या गळ्यात पडला आहे. निधी थोडा आहे. आधी काय करावे?
– एक सरपंच, ठाणे जिल्हा

आधी पाणी काढा. डांबर नंतर. ठाणे जिल्ह्याच्या पावसात रस्ता खचतो तो वरून कमी आणि कडेने जास्त.

एप्रिलमध्येच साइडपट्टी पाहा. जुन्या रस्त्यावर गवत, माती साठून साइडपट्टी डांबरापेक्षा उंच झालेली असते. पाणी गटारात उतरायच्या ऐवजी डांबराच्या कडेला तुंबते, खालच्या खडीत मुरते आणि पहिल्या जड गाडीला कड तुटते. ही माती छाटून साइडपट्टी बाहेरच्या बाजूला तीन-चार टक्के उताराची करा. जेसीबीने करणार असाल तर बकेट डांबराच्या कडेला लागू देऊ नका. शेवटची वीतभर माती फावड्यानेच काढायची. पूर्वी प्रत्येक मैलाला एक मैलकुली असायचा आणि त्याचे अर्धे काम हेच होते.

मग मोऱ्या. दोन्ही तोंडे मोकळी करा, फक्त वरच्या बाजूचे नाही. ह्यूम पाइप ४५० किंवा ६०० मिलिमीटरचा असेल तर आत माणूस शिरत नाही. बांबूला गोणपाट बांधून किंवा पाण्याच्या जोराने गाळ काढावा लागतो. खालच्या तोंडाशी पाणी पडून खड्डा झाला असेल तर मोठे दगड रचून भरा, नाहीतर पाइपच सुटतो.

रस्त्याचा मधला उंचवटा दोरी लावून तपासा. एकपदरी रस्ता ३.७५ मीटर रुंद. डांबराला अडीच टक्के उतार धरला तर मध्य कडेपेक्षा सुमारे पावणेपाच सेंटिमीटर उंच हवा. जुन्या तुकड्यांत चाकोरी पडून मध्यच खाली गेलेला आढळतो. तिथे नुसते खड्डे भरून भागत नाही.

खड्ड्यांचे काम कोरड्या दिवसांत. खड्डा जसा आहे तसा भरू नका. कडा चौकोनी, उभ्या कापा आणि चांगले डांबर लागेपर्यंत बाहेर या. तळची चिखल झालेली खडी काढा, मऊ लागत असेल तर खडी-मुरूम भरून धुम्मस करा, म्हणजे ठोकून घट्ट बसवा. मग इमल्शनचा (पाण्यात मिसळलेल्या पातळ डांबराचा) पातळ हात, चौरस मीटरला २०० ते ३०० ग्रॅम. इमल्शन लावताना तपकिरी असते. ते काळे पडेपर्यंत थांबा, तपकिरीवरच मिश्रण टाकले तर थर सरकतो. उलट इमल्शन जास्त झाले तर उन्हात डांबर वर येते आणि पृष्ठभाग गुळगुळीत होतो. मिश्रणाचा हिशोब : १ मीटर × १ मीटर × ५ सेंटिमीटर खड्ड्याला दबलेले मिश्रण साधारण ११५ किलो लागते. साडेसात सेंटिमीटरपेक्षा खोल असेल तर दोन थरांत भरा. दाबताना कडेकडून मध्याकडे या.

सगळा तुकडा पेव्हर ब्लॉकने झाकायचा सल्ला देणारे भेटतील. फोटो छान येतो. पण कडेला काँक्रीटची पट्टी नसेल आणि जड ट्रक वळत असतील तर ब्लॉक दुसऱ्या पावसाळ्यात हलतात.

आणि हे सगळे करण्याआधी ताबा पावती झाली आहे का ते बघा. नसेल तर संयुक्त पाहणीत प्रत्येक मोरीची अवस्था लिहून घ्या, मगच सही करा.

एका जुन्या राज्य रस्त्याचा इतिहास लिहायचा आहे. कागद कुठे मिळतील?
– विद्यार्थी, वाशी

नकाशापासून सुरुवात करा. भारतीय सर्वेक्षण विभागाची जुनी पत्रके इंचाला मैल या प्रमाणातली, नंतरची १:५०,०००. जुन्या क्रमवारीत ठाणे शहर ४७ ए/१६ मध्ये, भिवंडी ४७ ई/३ मध्ये, शहापूर-मुरबाड ४७ ई/७ मध्ये आणि कसारा ४७ ई/६ मध्ये पडते. नव्या खुल्या मालिकेचे क्रमांक वेगळे आहेत, पण ती पत्रके विभागाच्या संकेतस्थळावर मिळतात. दोन काळांतली पत्रके शेजारी ठेवा आणि पक्का, कच्चा आणि बैलगाडीचा रस्ता यांच्या खुणा प्रत्येक पत्रकाच्या सूचीतूनच वाचा. त्या बदलत गेल्या आहेत. एकोणिसाव्या शतकासाठी १८८२ चा ठाणे जिल्ह्याचा गॅझेटियर बघा. दळणवळणावरच्या प्रकरणात घाट, तरी (होडीने पाणी ओलांडायच्या जागा) आणि रस्ते सविस्तर आहेत.

नंतर बांधकाम विभागाच्या निविदा सूचना. जुन्या मराठी वृत्तपत्रांच्या फायलींत त्या कंटाळवाण्या वाटतात, पण प्रत्येक कामापुढे रस्त्याचा दर्जा, क्रमांक आणि ‘कि.मी. १२/०० ते १५/४००’ अशी साखळी छापलेली असते. एकाच रस्त्याच्या दहा-वीस वर्षांच्या सूचना तारखेप्रमाणे लावल्या की दर्जा कोणत्या साली बदलला हे दिसते. राज्याच्या १९८१-२००१ आणि २००१-२०२१ या रस्ते विकास आराखड्यांमधल्या याद्या त्याला ताडून पाहा. एकाच रस्त्याला दोन आराखड्यांत वेगवेगळे क्रमांक असू शकतात, म्हणून क्रमांकाने नाही तर गावांच्या नावांनी शोधा.

उरलेले माहितीच्या अधिकारात. अर्ज कार्यकारी अभियंत्याच्या कार्यालयातल्या जनमाहिती अधिकाऱ्याला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. ‘रस्त्याचा संपूर्ण इतिहास द्या’ असे लिहिले तर ‘माहिती उपलब्ध नाही’ हे उत्तर ठरलेले. त्यापेक्षा अमुक गाव ते तमुक गाव या लांबीच्या वर्गीकरणाचे शासन निर्णय, हस्तांतराचे पत्र आणि ताबा पावती या तीनच कागदांच्या प्रती मागा. उत्तराची मुदत ३० दिवस, प्रती पानाला दोन रुपये. उत्तर आले नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील. ‘रस्ता आमच्याकडे नाही’ असे उत्तर आले तर अपिलात मुद्दा एवढाच ठेवा : मग तो कोणत्या तारखेला, कोणाला दिला, त्या पत्राचा जावक क्रमांक द्या.